जाखादेवीपुढे कॉमर्स कॉलेज

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर आगबोट कंपनीच्या एजंटाकडे आत्माराम शिवलकर तिकिटं फाडायला बसत असे. तो एका डोळ्याने काम करतो आणि दुसऱ्याने स्वप्नं पाहतो, असं बंदरावरचे लोक म्हणत. हे म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं होतं. तो दोन्ही डोळ्यांनी स्वप्नंच पाही; काम हातांना पाठ होतं. समोरचा ‘दाभोळ’ म्हणाला की हात दाभोळचं तिकीट फाडीत, ‘मुंबई’ म्हणाला की मुंबईचं, आणि आत्माराम तेवढ्यात दूर नांगरलेल्या बोटीच्या धुरावर बसून कुठंतरी निघून गेलेला असे. एकदा खुद्द सासरा खिडकीशी आला, तर त्यालाही हा ‘पुढं सरका’ म्हणाला. सासऱ्याने ही गोष्ट नंतर प्रत्येक लग्नात सांगितली.

हे एकोणीसशे एकतीस सालाच्या आसपासचं. आत्माराम तेव्हा तिशी ओलांडलेला, मॅट्रिक झालेला, मिशीवाला गृहस्थ. घरी आई तुळसाबाई, बायको मालन आणि पाच वर्षांची विमला. अशा माणसाने खरं तर माडांना शिंपणं करावं आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून सरकारला नावं ठेवावीत. पण त्या हिवाळ्यात त्याने मुंबईच्या एका कॉमर्स कॉलेजात सकाळच्या वर्गासाठी अर्ज केला. ही गोष्ट त्याने एकट्या मालनला सांगितली. सांगितली म्हणजे काय, ती भाकऱ्या भाजत असताना चुलीपाशी बसून इंग्रजी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. मालनला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती म्हणाली, कानाला बरं वाटतं, पाठवा.

वैशाखात कॉलेजचा होकार आला. एजंट शेट भला माणूस. मुंबईच्या हपिसात एक टेबल रिकामं होतं. सकाळी शिक, दुपारी तिथं काम कर, म्हणाला. फक्त त्या टेबलावर शेटच्या भाच्याचाही डोळा होता आणि बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. एकदा दर्या बंद झाला की नारळी पुनवेपर्यंत कोण कुठं जातोय! तेव्हा आज संध्याकाळपर्यंत काय ते सांग, असं शेटने बजावलं.

त्याच दुपारी जेवताना आत्मारामाने आईला सांगितलं. तुळसाबाई ओरडली नाही. तिने आमटीचा पळा खाली ठेवला आणि म्हणाली, देवीला विचारू. त्या घरात कौल लावल्याशिवाय वासरूसुद्धा विकत घेतलेलं नव्हतं. आत्मारामाला आईच्या मनातलं उत्तर दिसत होतं. देवीचं उत्तर वेगळं असेल, एवढीच त्याला आशा.

वाडीतल्या जाखादेवीच्या देवळात धोंडू गुरवाने पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग डोळे मिटून तो गाऱ्हाणं घालू लागला. अर्धी वाडी मुंबईला गिरण्यांत गेलेली, त्यामुळे मुंबईच्या गाऱ्हाण्याला धोंडूच्या तोंडात एक चाकोरी पडली होती. “बाय माझे, तुझं लेकरू मुंबईला निघालंय. त्याला गिरणीत चिकटव, मुकादमाची नजर गोड ठेव, मागाच्या साच्यावर त्याचा हात सांभाळ—”

डावं फूल टपकन पडलं.

तुळसाबाईला हवं ते मिळालं होतं. तिने समाधानाने मुलाकडे पाहिलं. आत्मारामाचा चेहरा जसा होता तसाच होता. फक्त एरवी कुठंतरी गेलेला हा माणूस एकाएकी देवळात हजर झाला होता, पुरता हजर, आणि हात गुडघ्यावर ठेवून मुकाट उठत होता. आपल्या मुलाला इतकं जागं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला ते बघवेना.

“थांब रे,” ती म्हणाली. “धोंडू, तू देवीला गिरणी विचारलीस. माझं पोर गिरणीत नाय जात.”

धोंडूला राग आला. वर्षानुवर्षं हेच गाऱ्हाणं चालत आलं होतं, कुणी म्हणून खोट काढली नव्हती. “मग जातो कुठं?”

“शाळंत.”

धोंडूने आत्मारामाच्या मिशीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, जे मला उमगत नाही ते देवीपुढं कसं मांडू? काय शिकायचंय ते तरी सांग.

तेव्हा आत्माराम बोलला. त्याने हे मालनलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

“धोंडूकाका, आपल्या आंब्याची करंडी इथं एका भावाने सुटते. तीच मुंबईला उतरली की भाव निराळा. मधे तर नुसतं पाणी. मी इतकी वर्षं त्या खिडकीतून ते पाणी बघतोय. त्या पाण्यावर असं काय होतं, ते मला कळत नाय. तिथं ते शिकवतात.”

धोंडूची स्वतःची आंब्याची चार कलमं होती. ‘मग मेल्या, अजून इथं काय करतोस?’ हे त्याच्या ओठांवर आलं. पण कौल लावणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून त्याने ते गिळलं.

नवं गाऱ्हाणं तुळसाबाईने स्वतः सांगायला घेतलं. बाजारात सुरमई घ्यावी तशी ती देवीशी अटी ठरवू लागली. हा शिकायला जाईल, पण शिमग्याला आणि गणपतीला घरी येईल. खानावळीत जेवेल, पण शिळं खाणार नाही. रस्त्याने चालताना आभाळाकडे बघणार नाही. या शेवटच्या अटीवर देवीनेही शंका घेतली असती.

खांबाशी विमलाला घेऊन उभी असलेली मालन हळूच म्हणाली, “आई, एक राहिलं.”

“काय गो?”

“वर्षाने मला नि विमलाला तिकडं नेतील. तेही विचारा.”

तुळसाबाईने हिशेब केला. म्हणजे घरात मागं ती, गाय आणि माड. खालून समुद्राचा आवाज येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. धोंडूच्या हातातली फुलं सुकत चालली.

“घाल तेही,” ती म्हणाली.

“आणि तू गो?” धोंडूने विचारलं.

“माझं देवीला ठाव हाय. ते विचारायचं काम नाय.”

फुलं पुन्हा लागली, आणि या वेळी दोन्ही हलेनात. देवळातली फरशी गार होती, बाहेर ऊन डोलत होतं. विमला आईच्या खांद्यावर झोपी गेली. आत्मारामाचे डोळे हळूहळू परत दूर गेले. त्याला एक उंच खोली दिसली. वर पंखा फिरतोय, बाकांवर कोवळी पोरं, मागच्या बाकावर मिशीवाला तो. फळ्यावर खडूने समुद्र काढलाय, अलीकडे रत्नागिरी, पलीकडे मुंबई, आणि प्रोफेसर पाण्यावर काठी टेकवून विचारताहेत, सांगा, इथं काय होतं? उत्तर द्यायला पहिल्या बाकावरून तुळसाबाई उठली आणि प्रोफेसरांना म्हणाली, आधी करंडी उघडून दाखव.

“उजवा कौल,” धोंडू म्हणाला.

फूल केव्हा सुटलं ते आत्मारामाने पाहिलंच नाही. तुळसाबाईने ते उचललं, क्षणभर मुठीत धरलं आणि मालनच्या अंबाड्यात खोचलं. मग तांदूळ किती बांधायचे, सुकी मासळी कुठल्या डब्यात घालायची, हे ती जरा जास्तच मोठ्या आवाजात बोलू लागली. आत्माराम बसूनच होता. आजवर स्वप्नाने त्याला कधी उलट हाक मारली नव्हती.

“ऊठ,” आई म्हणाली. “शेटला सांगून ये. भाचा जाऊन बसेल तिथं.”

उतारावरून खाली जाताना त्याला मुंबई दिसेना, पंखा दिसेना. दिसत होती ती तांबड्या दगडांची वाट, कुंपणावर वाळत घातलेली जाळी, आणि आपल्याच वहाणांचे अंगठे. शेट दारातच उभा होता. काय ठरलं, त्याने विचारलं.

“जातो,” आत्माराम म्हणाला. आवाज आपलाच होता का, हे नीट ऐकायला त्याने पुन्हा एकदा म्हटलं, “जातो.”