चिंगीने काय खाल्लं ते मला माहीत होतं

तो रविवार होता. आम्ही केडगावात राहायचो आणि नुकतेच चर्चमधून घरी आलो होतो... मी तेव्हा बारा वर्षांची. साल नक्की आठवत नाही, पण लढाई चालू होती आणि धान्य रेशनवर मिळायचं. आता नव्वदी ओलांडली आहे. मी सांगतेय आणि नात मोबाईलवर टाईप करतेय.

आमच्या शेजारी रहीमचाचा राहायचे. घोड्यांना नाल ठोकायचं त्यांचं काम. बायको वारलेली, मूलबाळ नाही... घरात ते आणि त्यांची तांबूस रंगाची कुत्री चिंगी, एवढेच. चाचा जेवायला बसले की पहिला तुकडा तिचा.

आमच्याकडे उंदीर फार झाले होते. रेशनची ज्वारी आधीच थोडी, त्यात ते पोती कुरतडायचे. म्हणून बाबांनी नगरहून उंदराच्या औषधाची डबी आणली.

चर्चला निघण्याआधी आईने मला ते औषध भाकरीच्या तुकड्यांना लावायला सांगितलं. तुकडे धान्याच्या खोलीतच ठेव आणि कडी लाव, असं दोनदा बजावलं. बाबा शाळामास्तर, त्यामुळे छापलेला कागद दिसला की वाचायचा ही मला सवय. डबीवरचा कागदही मी पुरता वाचला. चुकून कुणाच्या पोटात गेल्यास दूध, तेल, तूप देऊ नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तुकडे खोलीत ठेवले. एक उरला... आदल्या दिवशी परसात, चाचांच्या अंगणाला लागून असलेल्या कुंपणापाशी मला उंदीर दिसला होता, म्हणून तो तिथे टाकला. कुणाला विचारलं नाही.

दुपारी चाचांची हाक ऐकून मी त्यांच्या अंगणात गेले. चिंगी ओकत होती. तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय थरथरत होते. मी वळून कुंपणाकडे पाहिलं... तुकडा तिथे नव्हता.

"काय खाल्लं गं हिनं? तुला काय दिसलं का?" चाचांनी विचारलं.

"नाही चाचा," मी म्हणाले.

इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. आईने बजावलेलं मोडलं होतं. बाबा काय म्हणतील, ही एकच भीती मनात होती. चिंगीचा विचार त्यानंतर आला, हे आज कबूल करते.

चाचांनी घरात होतं नव्हतं ते तूप एका वाटीत काढलं. "इखारी काय पोटात गेलं असंल तर तुपानं उतरतंय," ते म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

नाल मारायला एक टांगा दारात उभा होता, त्यातच चिंगीला घातलं. "तू चल बरं संगं. तुझ्याजवळ ती गप ऱ्हाती," चाचा मला म्हणाले. आईने जायला सांगितलं आणि मी बसले.

नगरला पोचेपर्यंत ते मधूनमधून तिचं तोंड उघडायचे आणि बोटाने तूप चाटवायचे. वाटी माझ्या हातात होती... सबंध रस्ता मी ती धरून बसले होते. एकदाही म्हणाले नाही की चाचा, थांबा.

गुरांच्या दवाखान्याला कुलूप होतं. रविवार, कंपाउंडरही नाही. चाचांनी मागच्या बाजूला डॉक्टरांच्या घराचं दार वाजवलं. डॉक्टर जेवणावरून उठून तसेच आले. त्यांनी तिचं तोंड हुंगलं. "लसणासारखा वास येतोय," ते म्हणाले. "उंदराचं औषध ठेवलं होतं का कुणी?"

"माझ्या घरात तर न्हाई, सायेब," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी मग माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं... आणि सगळं सांगितलं. तुकडा, डबी, डबीवरचा कागदसुद्धा.

"तुपात हे विष जास्त भिनतं. निघताना बोलली असतीस तर बरं झालं असतं, मुली," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही, लगेच आत जाऊन औषध घेऊन आले. चाचांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी चिंगी उठून बसली, पाणी प्यायली. मला वाटलं, सुटले. चौथ्या दिवशी ती गेली.

बाबा चाचांना भेटायला गेले तेव्हा मी दाराआड उभी होते. "रस्त्यात कायतरी खाल्लं असंल मास्तर, मुकं जनावर हाय," चाचा म्हणाले. बस, तेवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि मीही पुढे होऊन बोलले नाही.

त्यानंतर मी शाळेला मागच्या वाटेने जायला लागले. शेतांच्या कडेने मोठा वळसा पडायचा, पण त्यांचं दार लागायचं नाही. दीडदोन महिने तसे गेले. एके दिवशी चाचा त्या वाटेवरच उभे दिसले.

"पोरी, आपल्या गल्लीनं जात जा," ते म्हणाले. "हितनं लई लांब पडतंय तुला."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीने जायला लागले. माफी मात्र मागितली नाही... आज मागेन, उद्या मागेन म्हणता म्हणता आमची बदली झाली आणि केडगाव सुटलं.

तुमच्या घरी मुकं जनावर असेल आणि त्याने काही खाल्ल्याचा संशय आला, तर घरचे उपाय करत बसू नका. रविवार असो, दवाखाना बंद असो, डॉक्टरांना गाठा आणि औषधाची डबी सोबत न्या. आणि घरातलं मूल गप्प गप्प वाटलं तर न रागावता त्याला विचारा. त्याला माहीत असू शकतं.

आईबाबा गेले, त्यांना हे कधीच कळलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय. चाचा, तो तुकडा मी टाकला होता हे तुम्हाला ठाऊक होतं... पण मला त्याचं वाईट वाटतंय, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही.