पापणीतली लाली

हिंगोलीहून मी माहेरी साखऱ्याला गेले की आबा, म्हणजे माझे वडील, आधी पाणी विचारायचे नाहीत. जन्म मेंढरांमागं गेलेला. अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढायचे आणि आतला रंग बघायचे. मेंढरांचंही ते असंच बघत. लाली असली तर जनावर धड, पांढुरकं दिसलं तर रक्त आटलंय. नवऱ्यासमोर त्यांनी हे केलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बराबर हाय," म्हणून त्यांनी सोडलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. श्वासातला ऑक्सिजन फुप्फुसात रक्ताला मिळतो, हृदय ते रक्त ढकलतं, आणि एकेका पेशीच्या दारात तो पोचतो. थोडा वेळ जरी पोचला नाही, तरी पेशी मरू लागतात. आबांना हे समजावलं तर म्हणाले, मंग लालीच बघाव लागती ना.

गेल्या वर्षी त्यांना दम लागू लागला. मेंढरांमागं चालताना मधेच बसायचे. दवाखान्याचं नाव काढलं की स्वतःची पापणी ओढून दाखवायचे.

"बघ माय, पहिल्यापेक्षा जास्तच लाली हाय. काहून घाबरती?"

खरंच, आत गडद लाल होतं. आणि मला, विज्ञानाच्या बाईला, ते पटलं. खरं तर मला पटवून घ्यायचं होतं. शाळेत परीक्षा चालू होत्या.

ओठ निळे पडले तेव्हा कुठं त्यांना नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कधीची थकलीत, ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीरानं रक्तच वाढवलंय. आमच्याकडं गोरेगावला जाणाऱ्या जीपा वाढाव्यात आणि बसायला माणूस नसावा, तसं; रक्त भरपूर, त्यात ऑक्सिजन नाही. जी लाली बघून आम्ही निर्धास्त होतो, तीच त्यांची तकलीफ सांगत होती. हे मला कळायला हवं होतं. त्याचा राग अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी मास्क लावलेल्या आबांनी हात उचलला आणि माझी पापणी ओढली. रडून डोळे लालभडक झाले होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले.

आता साखऱ्याला गेले की आई लगेच पाण्याचा तांब्या पुढं करते. मी तो हातात घेते आणि थोडा वेळ उगाच तोंड वर करून उभी राहते.