गाडी सांभाळणारा आदेलिनु

सगळे किल्ला बघायला वर गेले की माझा भाऊ आदेलिनु खाली गाडी सांभाळायचा. जिथे दिवसभरात दोन कुत्री आणि एक म्हातारी एवढीच काय ती वर्दळ, तिथे आमची खटारा गाडी कोण पळवणार होतं, देव जाणे!

"तुम्ही जा गं वर, मी थांबतो गाडीपाशी," हे त्याचं ठरलेलं. मग त्याला एकट्याला कशाला सोडायचं म्हणून मी गुडघेदुखीचं निमित्त पुढे करायची. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

खरं कारण फक्त मला माहीत होतं. आदेलिनु छपरं शाकारतो. आमचे वडीलही तेच करायचे आणि गावच्या चर्चच्या छपरावरून पडूनच गेले. आदेलिनु तेव्हा शाळेत होता. शाळा सुटली आणि वडिलांची शिडी त्याच्या खांद्यावर आली. तेव्हापासून जन्मभर तो कौलांवर मांजरासारखा वावरला, वर शिट्टी वाजवत. आणि गेल्या वर्षी, ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत, मी त्याचा डबा घेऊन गेले तर हा छपरावर धुराड्याला मिठी मारून बसलेला. डोळे गच्च मिटलेले, तोंड पांढरंफटक. ढुंगण घासत घासत कसाबसा खाली आला.

"ओतीलिया, कुणाला बोललीस तर बघ," म्हणाला.

मी बोलले नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागणं म्हणजे काय, ते गावाला विचारा.

घरी त्याने कंबर धरल्याचं सांगितलं आणि फरशीची, भिंतींची कामं घ्यायला लागला. तेही चाललं असतं. पण झेफेरिनु, त्याचा लहानपणापासूनचा कामातला जोडीदार, एक दिवस येऊन म्हणाला की चर्चच्या घंटेचा मनोरा गळतोय, फादरनी काम आपल्याला दिलंय, या सोमवारी चढायचं. त्याच चर्चचा मनोरा! आणि हा शहाणा हो म्हणून बसला.

"नाही कसं म्हणू? झेफेरिनु माझ्या भरवशावर आहे. गाव काय म्हणेल?"

"गाव तुझ्या मयताला येईल आणि फुकटची वाइन पिऊन जाईल!" मी म्हणाले. ऐकेल तर शपथ.

त्याच आठवड्यात त्याची मुलगी ग्रासा लक्झेंबर्गहून ऑगस्टच्या सुट्टीला आली आणि सगळ्यांना गाडीत कोंबून किल्ले बघायला घेऊन निघाली. आदेलिनु गाडी चालवायला, त्याची बायको एर्मेलिंडा शेजारी, ग्रासा आणि मी मागे. प्रत्येक डोंगरावर एक गाव, गावाच्या डोक्यावर एक किल्ला. मायलेकी वर जायच्या. आम्ही दोघं खाली बसून बाकल्यावचे, म्हणजे खारवलेल्या माशाचे, वडे खायचो.

"सांग ना एर्मेलिंडाला," मी म्हणायची.

"तू वडे खा."

मी वडा तसाच डब्यात परत ठेवायची. सोमवार जवळ येत होता आणि मला वडीलच दिसत होते, चर्चच्या अंगणात पालथे.

रविवारी सोर्तेल्याच्या किल्ल्यापाशी पोचलो. थोड्या वेळाने ग्रासा धापा टाकत खाली आली. "बाबा, आई तटावर अडकलीये! खाली बसलीये, हलतच नाहीये. म्हणते, आदेलिनुला बोलवा, त्याला उंचावरची सवय आहे."

आमच्याकडे किल्ल्यांच्या तटांना कठडे नसतात. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. आदेलिनुने गाडीचं दार घट्ट धरलं.

"मी जाते," मी म्हणाले.

"तुझे गुडघे दुखतात ना?" असं म्हणून तो निघाला.

गेला तो लहान पोरासारखा रांगत. पायरी आली की दोन्ही हात तिच्यावर, मग गुडघा. मी मागे, ग्रासा माझ्या मागे. "आत्या, बाबांना काय झालंय?" मी तिला गप्प केलं.

वर एर्मेलिंडा दगडाला पाठ टेकून, हातात चपला घेऊन, किल्ला बांधणाऱ्या राजाला शिव्या घालत होती. नवऱ्याला बघून थांबली.

"अरे, तू असा रांगत का येतोयस?"

"कारण मला उभं राहता येत नाही!" आदेलिनु ओरडला. "वर्ष झालं! वर चढलो की पाय गळतात! समजलं? आता सरक!"

फोटो काढणारे चार जर्मन मुकाट्याने बाजूला झाले.

"मेल्या! आणि उद्या मनोऱ्यावर चढणार होतास?"

"हो."

एर्मेलिंडा रागाच्या भरात स्वतःची भीतीच विसरली. तिने त्याला चपलेने एक हाणली. "वर्षभर तुझ्या कंबरेला तेल चोळतेय मी! हात दुखले माझे!"

मग दोघं एकमेकांचा हात धरून, एकेका पायरीवर बसत, भांडत खाली आली. त्याची पँट मागून फाटली. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

खाली येताच एर्मेलिंडाने त्याच्या हातात फोन ठेवला. "आत्ता. माझ्यासमोर. आणि आवाज मोठा कर."

"झेफेरिनु," आदेलिनु म्हणाला, "मी उद्या वर चढत नाही. मला भीती वाटते."

एर्मेलिंडा आणि मी दोघी फोनवर वाकलो.

"अरे गाढवा," झेफेरिनु म्हणाला, "वर तू चढशील म्हणून तर मी काम घेतलं! ईस्टरपासून माझेच पाय लटपटतात. आता रे?"

"फादरना सांगू. क्रेनवाल्यांना बोलवा म्हणावं."

"सांगू की! आई मारिये, सुटलो रे बाबा!"

दोघं फोनवर इतके हसले की आदेलिनुला गाडीला टेकावं लागलं. त्या दिवशी उरलेले सगळे वडे मी एकटीने संपवले.

सप्टेंबरात क्रेनवाली पोरं आली. आदेलिनु आणि झेफेरिनु रोज सकाळी चर्चच्या अंगणात हजर, माना वर करून. "अरे, उलटं लावतोयस! कुणी शिकवलं तुला?" पोरं पार वैतागली.

मी दोघांचा डबा घेऊन गेले तेव्हा आदेलिनु नेमका वडील पडले होते तिथे उभा होता आणि घसा बसेपर्यंत ओरडत होता. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. वडील गेले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आदेलिनुचं डोकं पार पांढरं झालंय. मी त्याला म्हटलं, टोपी घाल, ऊन लागेल.