तिचं उत्तर येईपर्यंत

एका सकाळी कुमुदच्या मुलाचा, नितीनचा फोन आला. "शालनमावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठे?" … शब्द तोंडातून गेला, आणि मग मला समजलं. याला आता महिना होऊन गेला, पण त्या 'कुठे'ची मला अजूनही लाज वाटत नाही. कुमुद असती तर म्हणाली असती, आयुष्यात पहिल्यांदा मुद्द्याचा प्रश्न विचारलास.

विश्रांतवाडीच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवायचो आणि पुढे एकाच इमारतीत राहायला आलो. मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. लिफ्ट नाही. घर घेताना "तेवढाच व्यायाम होईल" असं मीच म्हणाले होते. तेव्हा माझे गुडघे माझं ऐकायचे, आणि मुलंही. वर्ग शांत म्हणजे वर्ग शिकतोय, अशी माझी समजूत होती. नुसत्या नजरेने मी पोरांना गप्प करते, असं मी स्टाफरूममध्ये मिरवायची. खरं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणून डोळे बारीक करून बघायची. प्रश्न विचारायचा, "तू सांग… नाही येत? बस खाली," की पुढचा. दहा मिनिटांत अख्खा वर्ग खाली बसलेला, आणि मी धड्याच्या पुढे.

कुमुदच्या चौथीत सविता नावाची मुलगी आली. घरी बोलायची, शाळेत चकार शब्द नाही. तिला दुसरीकडे घाला, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही. कुमुदने वर्गाची रीतच बदलली. उत्तर तोंडी द्या, फळ्यावर काढा, नाहीतर टेबलावरच्या दोन वस्तूंपैकी एक उचला. सम असेल तर खडू, विषम असेल तर डस्टर. आणि ही मुभा सगळ्यांना, एकट्या सविताला नाही. एकीसाठी केलं तर ती वेगळी पडते, म्हणायची, सगळ्यांसाठी केलं तर तो वर्गच तसा असतो. गंमत म्हणजे वर्गातली सगळ्यांत बडबडी पोरंच आधी खडू उचलायला धावली. शेजारचं कुणी सविताच्या आधी उत्तर देऊ लागलं, की कुमुद हात वर करायची. "थांब. तिचं होऊ दे." मग सगळा वर्ग थांबायचा. कधी कधी इतका, की शेजारच्या वर्गातून मला वाटायचं, ही पोरांना सोडून घरी गेली की काय.

"कुमुदकडे मूकाभिनयाचा तास चालतो," असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. कुमुदही हसली. "तुझ्या वर्गात तरी कोण बोलतं शालन, तू सोडून?"

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. उरला एकच शब्द. थांब. चहा देऊ? थांब. दुखतंय का? थांब. कूस बदलायचीय? थांब. तिला सांभाळायला ठेवलेली दिवसभराची बाई बिचारी खरोखरच थांबायची, कप उचलून परत न्यायची. असे किती चहा तिच्या समोरून गेले असतील… तिच्या डोळ्यांवरून दिसायचं की तिला आपलं सगळं कळतंय. बाहेर मात्र तोच शब्द पडायचा, आणि तो ऐकून तीच डोळे मिटून घ्यायची. पलंगासमोरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. तिसऱ्या मजल्यावरून तिला खाली आणायचं तर चार माणसं लागायची, म्हणून ती खाली आलीच नाही. मी रोज कठडा धरून एक मजला चढायची. खाली उतरणं माझंही बंदच झालं होतं. मला जायला तेवढी एकच जागा होती.

मग नितीनने वारज्याच्या एका शुश्रूषा केंद्राची गोष्ट काढली. तळमजला, अंगण, चाकाची खुर्ची. "आई, जायचं तिकडे?" "थांब." तो माझ्याकडे वळला. "बघा मावशी, नको म्हणतेय. आणि लोक काय म्हणतील, आईला घराबाहेर काढलं." मी लगेच मान डोलावली. ती गेली असती तर मी कुणाकडे चढणार होते?

तो चहा करायला आत गेला. मी पलंगावर तिच्या डाव्या हाताशी तिची चप्पल ठेवली, पलीकडे घराची किल्ली. "चप्पल म्हणजे वारजे. किल्ली म्हणजे इथेच. कळलं ना?" आणि थांबले. मला सवय नाही, फार जड गेलं. तिने चप्पल धरली.

जवळ होती म्हणून धरली, असं मी स्वतःला सांगितलं. कुमुद वर्गात खात्रीसाठी बाजू बदलायची. मी बदलली. किल्ली हाताशी, चप्पल लांब, तिच्या मेलेल्या हाताकडे. तिने किल्लीकडे बघितलंही नाही. अंग ओढत, उशी सरकवत डावा हात छातीवरून पलीकडे नेला. बोटं पोचेनात. मी चप्पल पुढे सरकवली नाही. तिने गाठलीच ती, आणि छातीवर घेऊन पडून राहिली. धाप लागली होती.

खोलीत आम्ही दोघीच. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. नितीनला ती इथेच हवी होती, मलाही.

तो ट्रे घेऊन आला. "तिला जायचंय," मी म्हणाले.

"अहो पण, ती तर थांब म्हणते."

"ते तोंडाने. हाताला विचार."

चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. मी माझ्या दारात उभी होते. ती पुढे बघत होती. मी कठड्यावरून वाकून पाहिलं; जिना संपून ऊन लागेपर्यंत ती पुढेच बघत राहिली.

तिथे ती तीन महिने जगली. आता मी स्वतःच अधूनमधून जाते. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरायचं, मग रिक्षा. तिची खोली दुसऱ्या कुणाला दिली आहे, पण अंगणात ती बसायची ती जागा आहे. समोर फाटक, फाटकातून रस्ता. मी तिथे बसते. परवा व्यवस्थापक आले. "आजी, कुणाला भेटायचंय? की स्वतःसाठी जागा बघायला आलात?"

मी उत्तराचा विचार करत होते. त्यांना घाई होती. ते थांबले नाहीत, फोनवर बोलत आत निघून गेले.