तुका घर कोणें दिलां?

"तुळस कोणें लायली गो?"

भाटकार आमच्या अंगणात उभा राहून आईला विचारत होता. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. डिचोलीकडची ती टेकडी त्याची, खालची पोफळीची बाग त्याची, आमची खोप उभी होती ती जागाही त्याचीच. आम्ही दोडामार्गाकडून आलेले. बाबा शिरगावच्या खाणीवर कामाला. मी नऊ-दहा वर्षांची असेन, दाराशी उभी होते.

कार्तिक लागला होता. आईने चार चिरे रचून, माती भरून तुळस लावली होती. अंगण सारवलं होतं. तुळशीचं लगीन करायचं म्हणून आई आठ दिवस हवेत होती.

"मीया लावलंय," आई म्हणाली.

"तुळस लायली म्हणजे घर जालें. तुका घर कोणें दिलां? काड ती."

आईने मान वर केली. "मी काडूचंय नाय. देवी ती. तुमका धीर आसात तर तुमीच काडा."

भाटकार एक पाऊल मागे सरला. त्याच्या दारात पुरुषभर उंचीचं वृंदावन होतं. तुळस उपटायचं पाप त्याला स्वतःच्या हाताला नको होतं. मग त्याने छत्रीच्या टोकाने आमच्या छपराची झावळं उचकटली आणि शांतपणे म्हणाला, "तर मग खोप काडटां."

आई खाली बसली. बोटांनी माती उकरली. मुळाला धक्का लागू नये म्हणून केवढी जपत होती! तुळस तिने तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. भाटकार हसला. "डब्यांत आसल्यार कांय ना. उखलून व्हरूं येता." म्हणजे डब्यातली चालेल, उचलून नेता येते. जाताना सांगून गेला, चिरे बागेत नेऊन टाक. आईने ते चारही चिरे डोक्यावरून नेले. मला राग आला. भाटकाराचा नाही, आईचा. आज सांगताना लाज वाटते, पण खरं तेच.

मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. मग डोक्यावर चुंबळ आली. लग्न झालं तेही चंदगडच्या गवंड्याशी, तो आमच्याच खोपीत राहायला आला. बेळगाव-कोल्हापूरकडचे गवंडी भिंती चढवायचे आणि आम्ही बायका चिरे वाहायच्या. कारापूरला वाहिले, डिचोलीत वाहिले, पेडण्यापर्यंत जाऊन आले. वास्तुशांतीला आम्हाला मागच्या दारी जेवण. पुढच्या आठवड्यात त्याच घरची बाई विचारायची, "कोण गो तू?" गरज सरो, वैद्य मरो.

आई गेली त्याच खोपीत. भिंत कुडाची, कारण चिऱ्याची भिंत घातली तर भाटकार खपवून घेणार नव्हता. हजारो चिरे माझ्या मानेवरून गेले, आणि आईचं डोकं टेकायला एक चिऱ्याची भिंत नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग गोवा राज्य झालं. त्याआधी भाषेचा केवढा कल्लोळ! कोकणी का मराठी. दोन्हीकडचे लोक आमच्या खोपीत वाकून आले. आमचं तोंड मालवणी, शाळा मराठी, बाजार कोकणीत. आम्ही दोघांनाही चहा दिला. छप्पर गळतंय हे एकालाही दिसलं नाही. मेल्यांनो, कुठल्या भाषेत सांगायचं होतं?

त्याच वर्षी पंचायतीच्या सभेत एक ठराव आला. सरकारने पैसा घालून वरच्या माळावर जागा घ्यावी, आणि आमच्यासारख्यांना परवडतील अशी लहान घरं बांधावीत. मी पहिल्यांदा सभेला गेले. धुतलेलं लुगडं नेसून, कामाचा एक दिवस मोडून.

भाटकाराचा मुलगा उठला. शिकलेला, गोड बोलणारा. "आमच्या करांतून ह्या घाट्यांना घरं? उद्या सगळा घाट उतरून खाली येईल." लोक हसले. मग त्याने एक कागद काढला. म्हणाला, सरकारला कशाला त्रास? ही माणसं आमचीच आहेत. इथे अंगठा द्या आणि राहा सुखाने, कोणी उठवणार नाही.

कागद माझ्यासमोर आला. शाईचा डबाही. त्याला वाटलं, चिरे वाहणारी बाई, हिला काय वाचता येतंय!

मी मोठ्याने वाचलं. "आम्ही मालकाचे चाकर म्हणून, मालकाच्या मर्जीने राहतो."

भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहतो तो मुंडकार, आणि मुंडकाराला कायद्याने घरावर हक्क दिलाय. चाकराला नाही. एका शब्दात त्याने माझ्या आईबापाची सगळी वर्षं पुसली असती.

"तुका वाच म्हणून कोणें सांगलें?" तो म्हणाला. गोडवा संपला होता.

"मास्तरांनी," मी म्हटलं. "मी चाकर नाय. अंगठा देऊचंय नाय."

तोंड सुटलं ते सुटलं. म्हटलं, तुझ्या बागेच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता कोणाच्या पैशाने आला? सरकारच्याच ना? त्याला कोणी भीक म्हटलं? नळ आला, वीज आली, तेव्हा कोण कुठला ते विचारलं? मी काडेपेटी घेते त्यातही कर भरते. मग घराची गोष्ट निघाली की पैसा तुमचा आणि दया तुमची?

ठराव पडला. चार हात वर झाले, त्यातला एक माझा. दुसऱ्या दिवशी भाटकाराचा निरोप आला, महिन्याभरात जागा मोकळी करा. नवरा म्हणाला, चल चंदगडला. मी म्हटलं, तू जा. तो गेला नाही. आम्ही मामलेदाराकडे अर्ज दिला. मुंडकार म्हणून.

ठराव मी परत मांडणार आहे. तोपर्यंत दारोदार फिरतेय, आणि हे सगळं तुम्हाला सांगतेय ते डोळ्यांतून पाणी काढायला नाही. सभेला या. तुमच्या-आमच्या करातला पैसा घरांना लागू दे म्हणा, आणि हात वर करा. नाही केलात तर मी एकेकाचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत विचारणार आहे. कोणाच्या घरातल्या कुठल्या भिंतीचे चिरे मी वाहिले, ते मला तोंडपाठ आहे.