खाडीतलं गणित

१९३०च्या सुमारास मी मुंबईला कॉलेजात होतो. सुट्टीत श्रीवर्धनला घरी जाताना आगरदांड्याहून दिघीला शिडाच्या होडीतून खाडी ओलांडावी लागे. होडीचा तांडेल साठीचा होता, फारसा बोलत नसे. धक्का जवळ येऊ लागला की तो पुढच्या उतारूला सुपारीचं साल पाण्यात टाकायला सांगी आणि ते सुकाणूपाशी येईपर्यंत बोटांवर आकडे मोजून होडीचा वेग ओळखी. मग शीड उतरवी. उरलेल्या वेगावर होडी सरकत धक्क्याला हलकेच टेके.

मी नुकताच कॅल्क्युलस शिकलो होतो. दिवाळीच्या फेरीत त्याची मोजणी टिपून पाणी होडीचा वेग कसा खातं ते मी काढून ठेवलं. नाताळात त्याने धक्का बराच लांब असतानाच शीड उतरवलं. मी मांडीवर वही घेऊन इंटिग्रेशन केलं आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "तांडेल, घाई केलीत. होडी पंधरा हात अलीकडेच थांबेल."

एका उतारूने वल्हं उचललं. तांडेलाने त्याला हातानेच थांबवलं. होडी सरकत राहिली, मंदावत गेली आणि धक्क्याला टेकली. दगडाला घासल्याचा आवाजही झाला नाही.

"दिवाळीला होडी रिकामी होती," दोर बांधता बांधता तो म्हणाला. "भरली होडी लवकर थांबत न्हाय. तुमच्या वहीत तांदळाच्या गोणी हायत का?"

नव्हत्या. त्यातल्याच एका गोणीवर बसून मी ते गणित केलं होतं.