अंबादेवीपुढे भेटलेली सिस्टर

त्या मंगळवारी मी अंबादेवीकडे काही मागायला गेले नव्हते. धावणं सोडते आहे, एवढंच तिला सांगायला गेले होते.

मी पंधराशे मीटर धावते, म्हणजे मैदानाच्या पावणेचार फेऱ्या. दहावीनंतर बाबा मला तेल्हाऱ्याहून अमरावतीला धावणं शिकवणाऱ्या सरांकडे घेऊन आले, तेव्हा त्यांना या शर्यतीचं नावही धड सांगता येत नव्हतं. सहा वर्षांनी मी भारताचा टी-शर्ट घालून परदेशातल्या मैदानावर उभी होते. त्या पहिल्या शर्यतीत बाराजणींत दहावी आले, पण दुःख झालं नाही. पुढच्या खेपेला पाहू, असं मनात पक्कं होतं. मात्र परत आल्यावर माझी घसरणच सुरू झाली. तिसऱ्या फेरीत पाय असे जड व्हायचे, जशी पावसाळ्यात वावरातून चालताना चपलेला काळी माती चिकटत जावी. ज्या मुलींना मी हसत हसत मागे टाकायचे, त्या आता माझ्या पुढे निघून जायच्या. सरांनी सराव बदलला, बूट बदलले, विश्रांती दिली. शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "तुह्या पायात काई नाई झालं. डोक्यात भीती बसली हाय." मला ते खरं वाटलं. मी मंगळवारचे उपास धरले, नवरात्रात नऊ दिवस फक्त फळांवर काढले. भीती काढून टाक, म्हणून रोज देवीला विनवलं. वर्ष गेलं. भीती गेली नाही आणि वेगही आला नाही. देवी माझं ऐकत नाही, असा राग मनात धरून मी हात जोडायचे, हे आज कबूल करायला हवं.

सोडायचं ठरवल्यावर आईला फोन केला. ती रडली नाही, रागावलीही नाही. "पह्यले तिची ओटी भरून ये. मंग काय ठरवाचं ते ठरव," एवढंच म्हणाली. म्हणून खण, नारळ आणि तांदळाची पुडी घेऊन मी देवळात गेले. गर्दी होती. मी मंडपात एका खांबाशी टेकून बसले आणि देवीला काय सांगायचं, ते मनातल्या मनात जुळवू लागले. शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर कुणाच्या तरी पिशव्या. बराच वेळ त्या माझ्याकडेच पाहत असाव्यात. मग त्यांनी विचारलं, "काहून खाऊन राहिली व कच्चे तांदूळ?"

मी खाली पाहिलं. ओटीच्या तांदळांची पुडी अर्धी रिकामी झाली होती. मी चिमटी चिमटी तोंडात टाकत होते आणि मला ते कळलंही नव्हतं. देवीच्या ओटीचे तांदूळ उष्टे केले! मला दरदरून घाम फुटला. पण त्या बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. "कधीपासून खातं? बर्फ बी खावासा वाटते का?" मी मान हलवली. हॉस्टेलच्या फ्रीजमधला बर्फ मी वर्षभर कडाकडा चावत होते. त्यांनी माझा हात ओढून नखं पाहिली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी खाली केली आणि आवाज हळू करून पाळीबद्दल विचारलं. किती दिवस चालते, रक्त किती जातं. सरांना जे कधीच सांगू शकले नव्हते, ते मी त्या अनोळखी बाईंना देवीच्या मंडपात सांगून टाकलं. त्या अकोल्याच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. विमल सिस्टर म्हणून सगळे ओळखत. "तुह्या डोक्यात काई नाई, अंगात लोह नाई," त्या म्हणाल्या. "साधं रक्त तपासू नको. लोहाचा साठा किती हाय ते तपास. रिपोर्ट आला की मले फोन कर." माझ्याच मोबाइलमध्ये त्यांनी आपला नंबर टाकला. तेवढ्यात त्यांची शेजारीण दर्शन घेऊन आली आणि दोघी निघून गेल्या.

उरलेल्या तांदळांनी मी ओटी भरली. सोडते आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साठा जवळजवळ संपलेला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. सरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "माफ कर बेटा. हे मले सुचाले पाह्यजे होतं." फोनवर सिस्टरांचा हुकूम वेगळाच होता. "गोळी चहासोबत घेशील त वाया गेली समज. लिंबूपाण्यासोबत घे. अन् उपास बंद. देवी काई तुह्या जेवणावर टपून नाई बसली."

दोन महिन्यांनी एका सकाळी तिसरी फेरी आली आणि पाय जड झालेच नाहीत. मी वाट पाहत होते, आता होतील, आता होतील. चौथी संपली, पाचवी संपली. सर घड्याळ उंच धरून ओरडत होते आणि मी थांबायलाच तयार नव्हते. तसा आनंद मला पुढे पदकानेही दिला नाही.

त्याच आठवड्यात मी पेढे घेऊन अकोल्याला गेले. सिस्टरांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती, पुढे ताजी फुलं. मी गोंधळून म्हणाले, "मावशी, मला तर देवीनंच तुमची भेट घालून दिली." त्या हसल्या. "मी देवीले नोती आली. शेजारणीचे गुडघे दुखते, म्हून सोबत आली होती. मी तं फकत तुहे डोळे पाह्यले बाप्पा." मी वाद घातला नाही. त्यांनीही माझी समजूत मोडली नाही. आम्ही दोघींनी पेढा खाल्ला.

निवड चाचणीत दुसरी आले आणि पुन्हा परदेशी गेले, आशियातल्या उत्तम मुलींबरोबर अंतिम फेरीत धावायला. बंदुकीचा बार झाला आणि सगळ्याजणी घोळक्यानेच निघाल्या. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. मला दर पावलाला पुढे जायचं होतं, पण शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा मी आतल्या कडेला पुरती कोंडले गेले होते. पुढे दोघी, बाजूला एक, मागे कुणाचा तरी श्वास. धक्का मारला असता तर बाद झाले असते. तीनशे मीटर उरले, अडीचशे उरले, वाट नाही. एरवी मी घाबरून अंग आवळलं असतं. त्या क्षणी मात्र मनात आलं, पाय चालवणं माझ्या हाती आहे, वाट उघडणं नाही. देवी आई, तुला हवं तेव्हा उघड. मी मुठी सैल सोडल्या, खांदे खाली आणले आणि नुसती धावत राहिले. शेवटच्या वळणावर पुढची मुलगी थकून हातभर बाहेर सरकली. हातभरच. मी त्यातून निसटले. मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कानांत गर्जना, डावीकडे हिरवं गवत, पुढे दोन पाठी, आणि एक मुलगी माझ्या खांद्यामागे पडत गेलेली. रेषा ओलांडून मी जमिनीवर कोसळले. मोठ्या पडद्यावर नाव आलं. तिसरी!

पदक मिळालं की लगेच उत्तेजक चाचणीसाठी लघवीचा नमुना द्यायला एका खोलीत बसवतात. माझ्या अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता, त्यामुळे तासभर बाटलीमागून बाटली पीत बसावं लागलं. समोर एक गोरी अधिकारी बाई, भाषा कळेना, फोन बाहेर ठेवलेला. गावात काय चाललं असेल या विचाराने मला हसू येत होतं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं. मी डोळे मिटले. त्या घसरणीच्या वर्षभर मी देवीला फक्त भीती काढायला सांगत होते. आजार काय आणि औषध कोणतं, हे दोन्ही मीच ठरवून तिच्यापुढे उभी राहत होते. तिने माझं ऐकलं नाही, हे किती बरं झालं. आणि जिने मला वाचवलं, तिच्या हातात देवीचं फूलसुद्धा नव्हतं. कृपा कुणाच्या हाताने यावी, हे ठरवणारी मी कोण?

"पाणी आणखी?" असं त्या बाईने खुणेने विचारलं. मी हात जोडले आणि बाटली घेतली.